काचेमागची हाक

आमच्या गल्लीचं भलं करायचं ठरलं, आणि त्यापायी सगळ्यात आधी माझ्या लेकीचं बाळंतपण माहेरातून सासरी गेलं. दिवाळी होते न होते तोच गल्ली खोदली. महाल ह्या जुन्या वस्तीतली गल्ली ती, आधीच एवढी अरुंद की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकाला कोणाच्या तरी दुकानात शिरावं लागे. त्यात आता गटाराचे पाइप, वायरींची भेंडोळी, मातीचे ढीग, आणि दुकानात जायला आडव्या टाकलेल्या फळ्या. सातवा लागलेल्या पोरीला फळीवरून तोल सावरत आणू का मी? शेवटी मीच बोचकं बांधलं आणि कोराडीला गेले. जावई तिथल्या वीज केंद्रात आहे, कॉलनीत क्वार्टर आहे. लोक म्हणाले, जगाच्या उलटं, आई चालली लेकीकडे बाळंतपणाला. म्हटलं, म्हणा. लोकांच्या तोंडाला काय झाकण असतं का?

आमचं लुगड्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. माझं माहेर उमरेडचं, विणकराचं. वडील मागावर लुगडी विणायचे आणि गठ्ठा बांधून ह्याच दुकानात आणून द्यायचे. अशाच एका खेपेला लुगड्यांबरोबर माझंही ठरवून गेले. हे मी थट्टेनं सांगते, पण खरंच तसं झालं. पुढे माग बंद पडले, भावांनी नोकऱ्या धरल्या, नऊवारी नेसणाऱ्या बायका एकेक करून वर गेल्या. आम्ही पाचवारी ठेवल्या, मग ड्रेसची कापडं ठेवली. तरी लग्नाचा बस्ता म्हटला की खेड्यांतली जुनी घराणी अजून आमच्याकडेच येतात. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडं एका बैठकीत घेणं, नवरीच्या शालूपासून नवरदेवाच्या मामाच्या टोपीपर्यंत. पंधरा-वीस माणसं सकाळी यायची, चपला बाहेर काढून गादीवर मांडी ठोकायची, ती दिवेलागणीला उठायची. मधे चहा, आलूबोंडे, आत्याबाईंचा रुसवा, मामीचं समजावणं, सगळं आमच्याच गादीवर.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. बस्त्याला बसलेलं माणूस गादीवरून उठत नसे. ताट-वाट्या बघायच्या आहेत? आमचे हे बसल्या जागेवरून हाक मारत, आणि भांडीवाला नमुने घेऊन येई. टोपी पाहिजे, तर टोपीवाला येई. अत्तर, बाशिंग, जोडवी, सगळं हाकेवर. आमच्या ह्यांचा आवाज असा, की गल्लीच्या पार टोकाचा अत्तरवाला हातातली बाटली ठेवून निघायचा. आणि त्या हाकेला कायदा होता. दुसऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना हाकेशिवाय पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर ते गिऱ्हाईक पळवणं. कुठे लिहिलेलं नव्हतं हे, पण आमच्या गल्लीत सख्खे भाऊ एकमेकांवर कोर्टात गेले, हाकेचा कायदा मात्र कोणी मोडला नाही.

समोर, अगदी नाकासमोर, कासारणीचं दुकान. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच म्हणा. ती मधे बसली की तिन्ही भिंतींवर हात पुरायचा. ती आणि मी एकाच वर्षी ह्या गल्लीत नवऱ्या म्हणून आलो. तिचा नवरा आणि आमचे हे लंगोटीयार. मूलबाळ तिला झालं नाही, आणि नवराही लवकर गेला. तो गेल्यावर तिनं दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या, त्या उघडेनात. विधवा बाईच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेरावं होऊन थोडे दिवस झाले असतील. आमच्याकडे बस्ता बसला होता. बायका म्हणाल्या, आता बांगड्या दाखवा. ह्यांनी कोणाला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही, नेहमीसारखी मान वर करून हाक मारली, "वैनीऽऽ, बांगड्या घेऊन या! गिऱ्हाईक बसलं हाय!" बऱ्याच वेळानं समोरची एक फळी निघाली. ती आली, टोपली मांडली, आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा माझ्या सासूनं, एरवी महाकडक बाई, आपला हात पुढे केला. "भर वं," म्हणाली, "आधी मले भर." त्या दिवसापासून ते दुकान तिचं झालं. मला ती एकदा म्हणाली होती, "त्या हाकेनं उठली मी. नाहीतर फळ्यांमागंच मेली असती."

तर, गल्लीचं भलं. गिऱ्हाईक आटलं होतं, ह्यात खोटं नाही. शहराच्या दुसऱ्या भागात, सदरला, मोठमोठी दुकानं, पलीकडे मॉल. पोरींना गार हवेत कपडे बघायची सवय लागलेली. आमच्याकडे गाडी लावायला जागा नाही, गटार उघडं, डोक्यावर वायरींचं जाळं. दुपारी आमचे हे पेपर तोंडावर घेऊन गादीवर घोरत. मग व्यापाऱ्यांच्या मंडळानं धावपळ केली, वरून मंजुरी आणली, आणि नकाशे घेऊन एक तरुण पोरगी आली. पोट्टी गुणी होती. उन्हात उभी राहून मापं घ्यायची, दुकानादुकानांत बसून चहा प्यायची, कासारणीकडून तिनं हातभर बांगड्याही भरून घेतल्या. तिनं आखल्याप्रमाणे फरशी आली, दिवे आले, बाक आले, एकसारखे बोर्ड आले, आणि दिवसा चारचाकीला मज्जाव म्हणून तोंडाशी लोखंडी खांब आले. हे मी मुद्दाम सांगते, कारण नावं ठेवायला आमच्याकडे सगळे पुढे. आज संध्याकाळी बाया आमच्या गल्लीत बिनधास्त फिरतात, म्हातारे बाकावर बसून सरकारं पाडतात. त्या पोरीचं पुण्य आहे ते.

काचेचं दार मात्र तिच्या नकाशात नव्हतं. ते आमच्या लोकांचं डोकं. खोदकामाची धूळ कापडावर बसते म्हणून एकानं सदरला जाऊन पाहिलं आणि बसवून घेतलं. मग शेजाऱ्यानं बसवलं. मग त्याच्या समोरच्यानं. त्याच्याकडे आहे तर माझ्याकडे का नाही, ह्या एका गोष्टीवर आमची गल्ली पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. मी कोराडीला गेले त्यानंतर थोड्याच दिवसांत आख्खी गल्ली काचेमागे जाऊन बसली. आमच्या ह्यांनीही दार बसवलं, एसी लावला, काउंटर केलं, फिरती स्टुलं आणली, आणि गादी गुंडाळून माळ्यावर टाकली. मला फोनवर सांगतात, "अवं, सदरवानी झालं आपलं दुकान! दार लावलं की बाहेरचा हॉर्नबी ऐकू येत नाही आत!" मी म्हटलं, वा वा, छान. मला काय माहीत, ह्या एका वाक्यात काय वाढून ठेवलंय ते.

कासारणीनं तेवढं दार बसवलं नाही. बसवणार कुठे? दार बसवलं तर ती बसणार कुठे?

नात झाली. बारसं कोराडीलाच करायचं ठरलं. मी ह्यांना फोनवर बजावलं, गल्लीत सगळ्यांना सांगा, पण वैनीला आधी सांगा. बाळाच्या मनगट्या ती आणणार, हे कधीचंच ठरलेलं होतं. त्या काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात त्या. माझ्या लेकीच्याही तिनंच ओवल्या होत्या. हे म्हणाले, "सांगितलं."

बारशाला महालातून टेम्पोभर माणसं आली. भांडीवाला आला, अत्तरवाला सहकुटुंब आला. ती आली नाही. मी पाळण्याची दोरी हातात धरून दाराकडे बघत राहिले. बायका म्हणाल्या, नाव ठेवा आता, किती वेळ थांबायचं? बाळाचे हात तसेच, उघडे. मी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, तर खांदे उडवून म्हणाले, "बोलावलं होतं बापा. आताशा ती हाकेलेबी येत नाही. मोठी झाली." माझं डोकं असं सणकलं! म्हटलं, असू दे. आपल्यालाही राग येतो म्हणावं.

होळी करून मी घरी परत आले. गल्ली बघून डोळे निवले, खोटं कशाला बोलू. पण समोर पाहिलं नाही. ती तिच्या कपाटात बसली होती, मला दिसत होती, मी नाकाचा शेंडा वर करून जिना चढले. माझा राग दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी मला करमेना. वरच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर ती भिंतीवरच्या बांगड्यांच्या माळा उतरवून भाताच्या तणसात गुंडाळत होती आणि खोक्यात भरत होती. एक भिंत रिकामी झालीसुद्धा होती. मी तशीच, कणकेचा हात न धुता खाली उतरले.

"काय करून राहिली वं?"

"दिसत नाही का? बांधून राहिली." मान वर नाही. "पाडव्यापासून दुकान देऊन राहिली मी. मोबाइलची कव्हरं विकणारा हाय कोणी. पुतण्यानं ठरवलं. मी चालली त्याच्याकडे, भंडाऱ्याले."

म्हणायचं होतं, जाऊ नको. पण तोंड माझं! तोंडातून भलतंच निघालं. "माझ्या नातीच्या बारशाले काहून नाही आली, ते सांग आधी."

तिनं हातातली माळ खाली ठेवली. "बोलावलं होतं मले कोणी?"

"ह्यांनी बोलावलं."

"कवा? बोलावलं असतं तर पायी आली असती मी कोराडीले." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू नव्हती इथं, म्हणून सांगते. मले समोर सगळं दिसते. बस्ते बसतात, नवऱ्या येतात, जातात. भाऊजी मले हाक मारत नाहीत. थंडी पडली तवापासून एकदा नाही वं, एकदा नाही. सदरची कोणी बांगडीवाली धरली असंल. धरा बापा. दुकान मोठं झालं, चांगली गोष्ट हाय. पण बारशाले तरी..."

"अवं, ते तर म्हणतात ते हाक मारतात, अन् तूच येत नाहीस!"

"बहिरी हाय का मी?"

आता ह्या दोघांपैकी कोणीच खोटं बोलणारं नाही. मी गोंधळून मागे वळले, आमच्या दुकानाकडे. काचेआड काउंटरवर दोन बाया बसल्या होत्या आणि आमचे हे आमच्याकडे तोंड करून, मान वर काढून, हात तोंडापाशी धरून ओरडत होते. ओरडत होते म्हणजे, तोंड मोठं उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. आवाज नाही. हूं की चूं नाही. टाकीतला मासा जसा तोंड उघडतो ना, तसं. कोपऱ्यावरच्या पिंपळावर चिमण्या बोलत होत्या, त्या ऐकू येत होत्या. माझा नवरा ऐकू येत नव्हता.

मी ताडताड गेले आणि दार ढकललं. "ओरडून राहिलो मी केव्हाचा!" हे बरसले. "दोन चहा सांग म्हणतो! दोघी बहिऱ्या झाल्या का?"

"चहा जाऊ द्या. तुम्ही वैनीले बारशाचं आवतण कुठून दिलं?"

"कुठून म्हणजे? इथूनच. बाकीच्यांले फोन केले, ती तर समोरच हाय. हाक मारली. म्हटलं, वैनी, रविवारी बारसं हाय, कोराडीले यायचं. तिनं हात हलवला."

"दार लावलेलं होतं?"

"मग? धूळ किती येत होती!"

मला आधी हसू फुटलं. काउंटरवरच्या बायाही हसायला लागल्या. मग हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. अहो, बाहेरचा हॉर्न आत येत नाही म्हणून मिरवणारा माणूस! आपली हाक बाहेर जाते असं ह्याला वाटलं तरी कसं? पण वाटलं. चाळीस वर्षं हाक मारली, ती पोचली. आणि हात हलवला म्हणे. ती बिचारी बांगड्यांवरची धूळ झटकत असेल!

आणि एकट्या आमच्या ह्यांनाच कशाला हसा? मी त्याच दिवशी गल्लीभर फिरले. भांडीवाला म्हणाला, टोपीवाला आजकाल भाव खातो, हाक मारली तर बघत नाही. टोपीवाला म्हणाला, भांडीवाल्यानं आमचं नाव टाकलं. अत्तरवाला तर कोणाशीच बोलत नव्हता. सगळे आपापल्या काचेमागून ओरडले होते, सगळे रुसले होते, आणि बारशाला एकाच टेम्पोत बसून, एकमेकांकडे पाठ करून आले होते. आणि कायदा मात्र सगळ्यांनी पाळला! हाकेशिवाय कोणी कोणाकडे गेलं नाही. एकानं जरी मोडला असता आणि दार ढकलून विचारलं असतं, का गा, काहून रुसला, तरी त्याच दिवशी उलगडा झाला असता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

मला वाटलं, संपलं आता. मी धावत जाऊन तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. बारशाचं आवतण काचेतून दिलं, हे ऐकून तिच्या ओठांना हसू आलं, नाही असं नाही. पण पुन्हा तिनं तणस हातात घेतलं.

"चूक झाली, समजली मी," ती म्हणाली. "दाराची चूक. पण येवढे महिने त्यांले वाटलं नाही, उठून पाहावं? मी मेली की जिती? चार पावलं होती वं. तुझ्या सासूनं हात पुढं केला होता, तिले कोणी सांगितलं होतं का?" आणि मग, खाली बघत, "शब्द देऊन बसली मी पुतण्याले."

ह्यांना मी तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. माणसाला लाज वाटली की तो आधी चिडतो, निदान आमच्या घरात तरी. "तिनंबी येऊन विचारायचं होतं! मीच काहून जाऊ? अन् दार काय उघडं ठेवू आता? एसी लावून दार उघडं? हसतील लोक!" मी म्हटलं, लोक हसतीलच, ती गेली की मग रडा तुम्ही. त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. पण पेपर उलटा होता, ते मी पाहिलं. जेवताना भाकर कुस्करून ठेवली, खाल्ली नाही. दुकानात बसले की समोर दुसरं काही दिसतच नव्हतं. काच स्वच्छ, आणि काचेपलीकडे तिची दुसरी भिंतही रिकामी होत चाललेली.

पाडवा परवावर आला. त्या सकाळी बस्ता बसला. उमरेडच्या पलीकडच्या खेड्यातलं जुनं घराणं, टेम्पो खांबांपाशी सोडून सगळे चालत आले. नवरीची आजी पुढे. नऊवारीचा काष्टा, हातात काठी. आत येऊन तिनं फिरत्या स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्याच्यावर चढू का मी? कोंबडी समजली का मले?" आणि सरळ खाली फरशीवर बसली. तिच्यामागे सगळ्या बायका खाली बसल्या. ह्यांनी काउंटरमागून खाली वाकून बघावं, तर नुसती डोकी! मी वर गेले, माळ्यावरून गादी ओढून काढली, जिन्यावरून खाली लोटून दिली. धूळ उडाली, पण बायकांनी आवाज केला तो आनंदाचा.

शालू झाला, मामाची टोपी राहिली, आजीनं चहाची बशी खाली ठेवली. "आता बांगडीवालीले बोलवा. चुडा घरी भरतील, पण बस्त्याच्या बांगड्या इथंच. ह्या पोरीच्या मायलेबी इथंच भरल्या होत्या."

आमच्या ह्यांनी काचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला त्यांची दया आली. भांडण विसरून सांगते, खरंच आली. मोठ्या आवाजाचा माणूस, आणि तोंड उघडायला धजेना. मी उठले, एसी बंद केला, दार पार भिंतीपर्यंत उघडलं आणि ते मिटू नये म्हणून त्याला लुगड्यांचा एक अख्खा गठ्ठा लावून दिला. बाहेरची झळ तोंडावर आली. एक पोरगी "अय्या, गरम" म्हणाली, तिला आजीनं काठीनं ढोसलं.

"मारा," मी म्हटलं.

ते उठून उभे राहिले. उभं राहून हाक मारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पहिली हाक निघाली ती नुसती हवाच. समोर ती शेवटच्या खोक्याला सुतळी बांधत होती, आमच्याकडे पाठ करून. तिचा हात थांबला. मान वळली नाही.

हे उंबऱ्यापाशी गेले. मग उंबरा ओलांडून, अनवाणी, त्या तापलेल्या नव्या फरशीवर, गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"वैनीऽऽ! बांगड्या घेऊन या! गिऱ्हाईक बसलं हाय!"

आली, पूर्वीची हाक आली. भांडीवाल्याचं दार उघडलं, टोपीवाल्यानं डोकं बाहेर काढलं, बाकावरचे म्हातारे उठून बघायला लागले. ती तशीच पाठमोरी. ह्यांचे पाय पोळत होते, हे एक पाय उचलत होते, मग दुसरा, पण हलले नाहीत.

"वैनी," हे हळूच म्हणाले, "ऐकू आलं ना?"

"आलं." तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग?"

"आणखी एकदा मारा, भाऊजी."

त्यांनी मारली. आवाज फाटला, पण मारली. तेव्हा ती वळली, आणि बांधत आणलेली सुतळी तिनं सोडली. मी तिचं खोकं उचलायला धावले होते. सगळ्यात वर, बांगड्यांच्या तणसावर, कागदाची एक पुडी होती. तिनं ती उघडून माझ्या हातावर ठेवली. काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या होत्या. आवतण न येताच ओवून ठेवलेल्या.

"हात वाढला असंल पोरीचा," ती म्हणाली. "पाडवा झाला की इथंच घेऊन ये तिले. मापानं मणी वाढवून देते मी."